मागे राहणाऱ्याचा पत्ता

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी पुण्याहून मैंदर्गीला येतो. अक्कलकोट तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. इथून थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द सुरू होते. आमचे घर जुने, दारापुढे दगडी कट्टा. संध्याकाळी ऊन उतरले की गल्लीतली माणसे आपापल्या कट्ट्यावर येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, "ऊट आतेन री?" म्हणजे, जेवण झाले का? संध्याकाळी साडेपाचला कोणाचे जेवण झालेले असणार? विचारणाऱ्याला ते ठाऊक असते, उत्तर देणाऱ्यालाही. तरीही प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तरही मिळते.

मे २०२३ मधल्या अशाच एका संध्याकाळी माझ्या लेकीचा फोन आला. तिला सिंगापूरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. जुलैमध्ये रुजू व्हायचे होते. सोबत जावई आणि सहा वर्षांचा नातू जाणार होता. तिने मला तीन पत्ते पाठवले होते आणि तिचा प्रश्न साधा होता : "अप्पा, यातली कुठली वस्ती घेऊ? तुम्ही आयुष्यभर माणसं कुठं कशी बोलतात याचा अभ्यास केला. मग माणसांनी कुठं राहावं, हेही सांगा."

मी थट्टेवारी नेले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण यापूर्वी एकदा मी कुटुंबासाठी वस्ती निवडली होती. ती निवड चुकली होती आणि त्या चुकीची किंमत मी मोजली नव्हती; दुसऱ्याच कोणी मोजली होती.

ती गोष्ट आधी सांगतो.

१९९९ साली वडील गेले. अव्वा, म्हणजे माझी आई, मैंदर्गीत एकटी राहिली. मी पुण्यात एका महाविद्यालयात शिकवत होतो, नुकतीच पीएच.डी. पूर्ण झाली होती. घरात पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. आता अव्वाही येणार म्हणून मी कोथरूडच्या बाजूला मोठे घर पाहिले. निवडीच्या माझ्या कसोट्या तेव्हा अगदी स्पष्ट होत्या : महाविद्यालय जवळ हवे, ग्रंथालय जवळ हवे, मुलीची शाळा चालत जाण्यासारखी हवी आणि वस्ती शांत हवी. चारही गोष्टी एकाच घरात मिळाल्या. तिसरा मजला, समोर झाडे, रहदारीचा आवाज नाही. मी स्वतःवर फार खूश होतो.

अव्वाला घर दाखवले ते सामान लावून झाल्यावर.

मैंदर्गीत अव्वाच्या दिवसाला तीन भाषा लागत. घरात कन्नड. बाजारात, तहसिलीत, दवाखान्यात मराठी. बांगडीवाल्या चाचीशी दख्खनी उर्दू. लिहिता-वाचता तिला यांतली एकही येत नव्हती, पण तिन्ही भाषांत तिला भांडता येत होते आणि तिन्ही भाषांत ती सांत्वन करू शकत होती. कोणत्या दारात कोणती भाषा, हे तिला विचार न करता कळे. आमच्याकडे गल्लीला कन्नडमध्ये 'ओणी' म्हणतात. मराठीतला 'कट्टा' आणि कन्नडमधला 'कट्टे' ही एकाच घरची भावंडे आहेत. मराठीत शेजार एकटा येत नाही, 'शेजारपाजार' म्हणून येतो. कन्नडमध्येही तो 'नेरेहोरे' असा जोडीनेच येतो. भाषांनाही हे कळलेले असावे की शेजार एका घराचा नसतो.

विद्यार्थी मित्रहो, भाषाविज्ञानाच्या अभ्यासात कुपवाडचे नाव तुमच्या वाचनात येईल. सांगली जिल्ह्यातल्या या गावाच्या भाषाव्यवहाराचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केला आणि तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. प्रत्येक घराने आपली भाषा टिकवली, पण तिन्ही भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली की एकीतले वाक्य दुसरीत नेताना जवळपास फक्त शब्द बदलावे लागतात, असे त्यांना आढळले. त्यातली एक गोष्ट लिंगाची आहे. प्रमाण मराठीत निर्जीव वस्तूही पुल्लिंगी, स्त्रीलिंगी किंवा नपुंसकलिंगी असते. कन्नडमध्ये निर्जीव ते सारे नपुंसकलिंगी. सीमेवरच्या मराठीत कन्नडची ही रीत उतरते. अव्वा म्हणे, "बस आलं." "लाईट गेलं." "भाकरी झालं." मैंदर्गीत हे कोणाच्या कानाला खटकत नसे. माझ्या प्रबंधात या विशेषावर एक संपूर्ण प्रकरण होते.

पुण्यात एका संध्याकाळी वीज गेली. अव्वा जिन्यात उभी होती. "लाईट गेलं," ती म्हणाली. जिन्यात खेळणारी मुले हसली. त्यांनी ते वाक्य दोन-तीनदा म्हणून पाहिले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मुलांना वेगळे कानावर पडले की ती हसतात. त्यांतल्या एकाच्या आईने वर येऊन क्षमाही मागितली. अव्वा त्या मुलांना काही बोलली नाही. पण त्यानंतर जिन्यात ती मराठी बोलेनाशी झाली. भाजीवाला आला की बोटाने दाखवी. शेजारच्या बाई दारात आल्या की हसून आत जाई. कन्नड बोलायला घरात माझ्याखेरीज आणि सहा वर्षांच्या नातीखेरीज कोणी नव्हते; मी सकाळी आठला जाई तो संध्याकाळी सातला येई, आणि नात शाळेत रुळली तशी तिची कन्नडही मागे पडत गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शांत घरात अव्वा दोन वर्षे राहिली. ती शांतता मी तिच्यासाठीच निवडली होती, असे मी सर्वांना सांगत असे.

२००१ च्या दसऱ्यानंतर ती एकदाच म्हणाली, "मला तिकडं सोड." मी कारण विचारले. ती म्हणाली, "इथं मला कोणी काही विचारत नाही." मला वाटले, घरातल्या निर्णयांबद्दल बोलते आहे. मी दुखावलो. तिच्या म्हणण्याचा अर्थ फार साधा होता, हे कळायला मला मैंदर्गीच्या कट्ट्यावर कित्येक संध्याकाळी बसावे लागले. 'ऊट आतेन री?' एवढेच तिला कोणी विचारत नव्हते.

त्यानंतर अकरा वर्षे ती मैंदर्गीत राहिली, म्हणायला एकटी. २०१२ मध्ये एका पहाटे तिने नेहमीच्या वेळी दार उघडले नाही, तेव्हा समोरच्या घरातल्या अक्कांनी दार वाजवले, मागच्या अंगणातून माणूस आत उतरवला आणि मला फोन केला. मी पोचेपर्यंत ती होती. माझ्या पुण्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर ते दार किती वाजता वाजले असते, याचा हिशोब मी पुष्कळदा केला आहे.

हे सारे मनात होते म्हणून लेकीच्या तीन पत्त्यांकडे मला सहज पाहता येईना.

पहिला पत्ता तांजोंग पगारचा. तिचे कार्यालय तिथून चालत दहा मिनिटांवर. उंच इमारत, दारावर पहारा, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा. भाडे सर्वांत जास्त, खोल्या सर्वांत लहान. दुसरा पत्ता फॅरर पार्कचा, म्हणजे लिटल इंडियाच्या लगतचा. सेरांगून रोडवर कढीपत्त्यापासून अबोलीच्या गजऱ्यापर्यंत सारे मिळते. तिसरा पत्ता टॅम्पिनीसचा, शहराच्या पूर्वेकडच्या मोठ्या उपनगराचा. तिथले घर सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या इमारतीतले. कार्यालय मात्र दूर; गाडीने आणि पायी मिळून जाण्यायेण्यात रोज दीड तास मोडणार.

माझा पहिला कल फॅरर पार्ककडे होता, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडची वाण्याची दुकाने, देवळे, ओळखीचे वास. परदेशी जाणारा माणूस आपल्या भाषेच्या आसऱ्याला जातो, हे मी सोलापुरात पाहिले होते. तेलंगणातून आलेले विणकर सोलापूरच्या पूर्व भागात एकत्र राहिले. तिथे आजही दारोदार तेलुगू ऐकू येते. मी लेकीला तसे सांगितले. ती म्हणाली, "अप्पा, तिथं आपलं सामान मिळेल. पण आपलं सामान आणि आपली माणसं एक आहेत का? सेरांगून रोडवर मुख्यतः तमिळ ऐकू येतं. मला तमिळ येत नाही. रविवारी तिथं जाऊन सामान आणता येईल की."

तिचे बरोबर होते. मी दुकानांची पाहणी करून वस्ती पसंत केली होती. पुण्यात ग्रंथालय पाहून केली, तशीच.

मग मी तिला एक काम सांगितले. "तू सकाळी साडेसातला घर सोडशील आणि संध्याकाळी सातला परत येशील. तेव्हा तुझा विचार बाजूला ठेव. जे दोघे मागे राहतील त्यांचा दिवस लिहून काढ, तासातासाचा. आणि तो त्यांनाच लिहायला सांग."

मागे राहणाऱ्यांत पहिला होता जावई. सिंगापुरात १ मे २०२१ पासून नियम बदलला आहे. नोकरीवर आलेल्या माणसाचा जोडीदार आश्रित म्हणून राहू शकतो, पण त्याला कोणाकडे नोकरी करायची असेल तर साधारणपणे स्वतंत्र कामाचा परवाना मिळवावा लागतो. जावयाने पुण्यातल्या नोकरीतून एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती. अव्वाच्या जागी आता तो होता, असे मनात आले आणि मी चमकलो. मागे राहणारी नेहमी म्हातारी आईच असते असे नाही.

दुसरा होता नातू. त्याच्या शाळेचा प्रश्न घराच्या आधी सोडवायला हवा होता. सिंगापूरच्या सरकारी शाळांत पहिलीच्या प्रवेशाचे टप्पे असतात. नागरिकांना आणि कायम रहिवाशांना घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत आहे की दोन, यावरही प्राधान्य मिळते. परदेशी मुलांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो आणि जागेची हमी नसते. 'चांगल्या शाळेजवळ घर घ्या' हा जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो परदेशी कुटुंबाला तिथे उपयोगाचा नाही. नातवासाठी भारतीय अभ्यासक्रमाची शाळा ठरली आणि मग त्या शाळेची बस कोणत्या भागात जाते, एवढेच पाहणे उरले. ती तिन्ही पत्त्यांवर जात होती.

सिंगापूरच्या सरकारी शाळेत भाषेचे काय होते, हे मात्र मी मुद्दाम वाचले. तिथे इंग्रजीबरोबर प्रत्येक मुलाला 'मातृभाषा' शिकावी लागते. अधिकृत मातृभाषा तीन : चिनी, मलाय आणि तमिळ. तमिळ नसलेल्या भारतीय मुलांना हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती किंवा उर्दू घेता येते. या यादीत मराठी नाही. मराठी घरातली मुले बहुधा हिंदी घेतात आणि कागदावर तीच त्यांची मातृभाषा ठरते. मराठीच्या प्राध्यापकाला हे वाचून वाईट वाटले. पण मग आठवले की माझ्या अव्वाची कन्नडही पुण्याच्या कोणत्याच यादीत नव्हती.

यादीत नसलेली भाषा कशाच्या बळावर टिकते? जोशुआ फिशमन या अभ्यासकाने १९६५ मध्ये भाषाव्यवहाराचा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला : कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत आणि केव्हा बोलतो? पुढे १९९१ च्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती घर, कुटुंब आणि शेजार यांच्या मार्फत. शाळा आणि वृत्तपत्रे मदत करतात, पण या तिघांची जागा घेऊ शकत नाहीत. मी हे अनेक वर्षे वर्गात शिकवले होते. घर आणि कुटुंब यांवर भर देऊन शिकवले होते. 'शेजार' हा तिसरा शब्द मी फळ्यावर लिहीत असे आणि पुढे जात असे.

मंडळे असतातच. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. सिंगापुरातही महाराष्ट्र मंडळ आहे. गणेशोत्सव, नाटक, मराठीचे वर्ग, सारे होते आणि ते मोलाचे आहे. पण मंडळाचा कार्यक्रम ठरावीक दिवशी असतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता, मुलगा शाळेतून यायचा असताना आणि घरातली सारी कामे संपलेली असताना, मंडळ दार वाजवायला येत नाही. ते शेजाराचे काम आहे.

निवड करता येणे हेही एक भाग्य आहे, हे मी लेकीला सांगितले. कोकणातून आणि मुंबईतून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांपैकी अनेकांना वस्ती निवडता आली नव्हती. नव्या देशाने नवी गावे वसवली आणि लोकांना तिकडे पाठवले. नेगेवच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसवलेले दिमोना हे त्यांपैकी एक. तिथे पोचलेल्या मराठी बायकांनी समोर वाळवंट पाहिले असेल आणि बाजूला दुसऱ्या कोणत्या देशातून आलेले, भाषा न कळणारे शेजारी. तरीही त्या समाजात मराठी इतकी तगली की 'मायबोली' नावाचे नियतकालिक तिथे मराठीत निघत राहिले. त्यामागचे एक कारण मला असे दिसते की कुटुंबे विखुरली गेली नाहीत. कठीण जागी, पण एकमेकांच्या दाराशी राहिली.

सिंगापूरचा प्रकार निराळाच. १९६० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत देशातली बहुसंख्य कुटुंबे राहतात. १९८९ पासून सरकारने असा नियम केला की कोणत्याही इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलाय आणि भारतीय व इतर कुटुंबांचे प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर जाता कामा नये. घराच्या खरेदी-विक्रीला ही मर्यादा लागू असते. संपूर्ण घर भाड्याने घेणाऱ्या परदेशी कुटुंबांसाठी, मलेशियाचे नागरिक वगळून, २०१४ पासून वेगळी मर्यादा आली : वस्तीत ८ टक्के, इमारतीत ११ टक्के. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागासारखा एका भाषेचा मोहल्ला तिथे होऊच शकत नाही. याचे फायदे आणि तोटे यांवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आपल्या माणसांजवळ राहण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे कमी होते, हे खरेच. पण मैंदर्गीच्या ओणीत वाढलेल्या मला एक गोष्ट ओळखीची वाटली : एकाच जिन्यात तीन-चार भाषा.

या इमारतींचे तळमजले बहुधा मुद्दाम मोकळे सोडलेले असतात. तिथे खांब असतात, दगडी बाके असतात, कुठे बुद्धिबळाचे पट आखलेले टेबल असते. लग्ने तिथे होतात, अंत्यविधीही होतात. 'व्हॉइड डेक' म्हणजे रिकामा तळ, असे त्या जागेचे नाव. मी छायाचित्र पाहिले आणि लेकीला म्हणालो, "हा तर कट्टा आहे."

"अप्पा, छायाचित्रावरून ठरवू नका," ती म्हणाली. "माणसं बसतात की नाही, ते पाहायला हवं."

म्हणून त्यांनी आधी महिनाभराची तात्पुरती जागा घेतली आणि घर नंतर ठरवले. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन. कारण सरकारी घराचा भाडेकरार सहा महिन्यांहून कमी मुदतीचा होत नाही, आणि प्रत्यक्षात तो बहुधा वर्षा-दोन वर्षांचा करावा लागतो. चुकले तर लगेच बदलता येत नाही. महिनाभरात जावई आणि नातू रोज संध्याकाळी सहा वाजता एकेका वस्तीत जाऊन तासभर नुसते थांबले. मी त्यांना तीन प्रश्न दिले होते. नातवाला रस्ता न ओलांडता किंवा एकदाच ओलांडून पायी जाता येतील अशा तीन जागा कोणत्या? दिवसभरात जावयाशी आपणहून कोण बोलेल? आणि दोघेही आजारी पडले तर दार कोण वाजवेल?

तांजोंग पगारच्या इमारतीत तलाव स्वच्छ होता. त्यात पोहायला तासाभरात दोन माणसे आली आणि दोघेही कानात गाणी घालून आले. फॅरर पार्कला गर्दी होती, पण ती खरेदीची; थांबलेले कोणी नव्हते. टॅम्पिनीसला घसरगुंडीशी नऊ मुले होती आणि बाकावर चार म्हातारी माणसे. त्यांतल्या एकांनी नातवाला त्याचे नाव विचारले. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या मोठ्या संकुलात ग्रंथालय आहे आणि ते पायी जाण्यासारखे आहे, हे जावयाने मला मुद्दाम कळवले. सासऱ्याचा स्वभाव त्याला ठाऊक आहे. घर कोणते, हे शेवटी त्या दोघांनी सांगितले. लेकीने सही केली आणि रोजचा दीड तास स्वतःच्या अंगावर घेतला.

डिसेंबरमध्ये मी पंधरा दिवस तिथे जाऊन आलो. सगळे गोड झाले, असे मी लिहिणार नाही. लेक संध्याकाळी थकून येते. गाडीत उभ्याने झोप काढायला शिकली आहे. जावयाला पहिले दोन महिने फार जड गेले. शेजारी मराठी कोणी नाही. नातवाच्या मराठीत इंग्रजी झपाट्याने शिरते आहे आणि शाळेत तो हिंदी शिकतो.

एका सकाळी आम्ही तिघे उद्वाहनाची वाट पाहत होतो. दार उघडले तसा नातू म्हणाला, "अज्जा, लिफ्ट आलं."

जावई म्हणाला, "आलं नाही, आली."

मी म्हणालो, "राहू दे." माझा आवाज बदलला असावा, कारण दोघांनीही माझ्याकडे पाहिले. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही. मुलाने सगळ्याच वस्तू नपुंसकलिंगी करून टाकल्या, एवढाच त्याचा शास्त्रीय अर्थ. कारण वेगळे, रूप तेच. मी खाली जाईपर्यंत काही बोललो नाही.

तळमजल्याच्या बाकावर एक मलाय आजी रोज बसतात. नातू त्यांना 'आंटी' म्हणतो. तिथे वडीलधाऱ्या सगळ्यांनाच अंकल, आंटी म्हणण्याची रीत आहे, जशी आपल्याकडे काका आणि अक्का म्हणण्याची. त्यांनी जावयाकडे पाहून विचारले, "सुदा माकान?"

"काय विचारतात?" मी जावयाला म्हटले.

"जेवलास का, म्हणून विचारतात. रोज विचारतात. सकाळी नऊला पण." तो हसला आणि त्यांना मलायमधून उत्तर दिले. दोनच शब्द होते, पण उत्तर होते.

मी त्या बाकावर बसलो. अव्वाला कोथरूडमध्ये कोणी हे विचारले नव्हते, आणि घर घेण्याआधी मीही तिला काही विचारले नव्हते. चार कसोट्या मी माझ्यासाठी लावल्या. त्यांतल्या तीन तरी अशा माणसासाठी होत्या, जो दिवसभर त्या वस्तीत नसणारच होता.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, लग्न, बदली यांपायी गाव सोडून राहता. काहीजण देश सोडाल. वस्तीची निवड करताना भाडे, अंतर, पाणी, सुरक्षितता हे सारे पाहावेच लागते. पण सकाळी दाराबाहेर पडणाऱ्या माणसाचे पाऊल त्या वस्तीत थोडाच वेळ असते. ती वस्ती खऱ्या अर्थाने मागे राहणाऱ्याची असते. पत्ता ठरवण्याआधी मागे कोण राहणार आहे ते पाहावे आणि त्यालाच विचारावे. मला हे विचारायला चोवीस वर्षे उशीर झाला.

स्वाध्याय

१. लेखकाने पुण्यातले घर निवडताना कोणत्या कसोट्या लावल्या? त्या अपुऱ्या का ठरल्या?
२. 'आपलं सामान आणि आपली माणसं एक आहेत का?' या प्रश्नाचा आशय निबंधाच्या आधारे स्पष्ट करा.
३. 'लाईट गेलं' आणि 'लिफ्ट आलं' या दोन वाक्यांतील भाषिक साम्य आणि त्यांमागील भिन्न कारणे सांगा.
४. तुमच्या वस्तीत एका दिवसात कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत आणि केव्हा बोलते, याची नोंद करा. दिवसभर घरी राहणाऱ्या एका व्यक्तीशी बोलून ती पूर्ण करा.